एका उंबरठ्याचं घर

ज्वारी हुरड्यावर आली की सोलापूरहून वहिनीचा निरोप येतो. निरोप कसला, हुकूमच तो. "वन्सं, औंदा आला न्हाईत तर पुढल्या वर्साला बोलावणार न्हाय." गेली कित्येक वर्षं ती हेच म्हणते आणि दर वर्षी बोलावते. मीही कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना गप्प बसवून पुण्याहून गाडीत बसते. कुर्डुवाडी मागे पडली की खिडकीतून येणारा वारा बदलतो. कोरडा, गार, ज्वारीच्या धाटांचा हिरवा वास असलेला. शेजारची बाई मुलाबाळांची चौकशी करत असते, मी हो ला हो करत असते, आणि मनानं मी केव्हाच त्या एका हिवाळ्यात जाऊन पोचलेली असते. आमच्या घरी हान्स आला होता तो हिवाळा.

एकोणीसशे पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. साल नेमकं सांगायला गेले तर चुकेन, पण थंडी मात्र मला नेमकी सांगता येईल. ओठ फुटायचे, टाचा फुटायच्या, खोबरेल तेल बाटलीत गोठून बसायचं. गिरणीचा भोंगा झाला की आम्ही तोंडातून वाफा काढत दारात सडा टाकायचो. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. स्थळं बघणं चाललं होतं, पण माझ्याआधी दादाचं लग्न व्हायचं होतं, म्हणून मला जरा उसंत होती.

आम्ही सुताचे व्यापारी. बाळीवेशीतल्या एका गल्लीत भाड्याच्या घरात राहायचो. आप्पा, म्हणजे माझे वडील, आई, दादा, मी आणि आत्या. आई अक्कलकोटकडची. एरवी मराठीत बोलायची, पण राग आला की कानडीत शिरायची, त्यामुळे तिच्या तोंडून कानडी शब्द पडला की घरातली माणसं आपापल्या कामाला लागत. आत्या ही आप्पांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती भावाकडे आली ती कायमची. दादाच्या जन्मानंतर आई दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दादाला बोंडल्यानं दूध पाजून वाढवला तो आत्यानंच. एवढा मोठा इंजिनीअर झाला तरी आत्याला तो 'नाऱ्या'च होता.

हा नाऱ्या मुंबईला शिकून आला आणि त्यानं आप्पांच्या मागे लकडा लावला. आता स्वतःचं घर बांधायचं, आणि बांधायचं तर नव्या तऱ्हेचं. मुंबईत समुद्राच्या काठाला त्यानं तशी घरं पाहिली होती. गोल कोपऱ्यांची, आगबोटीसारख्या गॅलऱ्यांची, वर ना घुमट ना नक्षी. तिथल्याच एका ऑफिसात नकाशे काढणाऱ्या हान्सशी त्याची दोस्ती जमली होती. हान्स जर्मनीकडचा. तिकडे नवं सरकार आलं होतं आणि त्या सरकारला हान्सचं कूळ चालत नव्हतं, म्हणून तो होतं नव्हतं ते सोडून निघून आला होता. एवढंच दादानं आम्हाला सांगितलं, आणि वर ताकीद दिली की त्याला घरच्या माणसांबद्दल कुणी विचारायचं नाही.

आईनं पहिल्याच दिवशी विचारलं. "आई हाय का तुमची?" मी त्याचं इंग्रजी केलं. हान्सनं मान डोलावली, मग खांदे उडवले. आईनं त्याच्या ताटात आणखी एक धपाटं वाढलं. त्या दिवसापासून ती त्याला 'हंसराज' म्हणायला लागली.

विजापूर रस्त्याच्या अंगाला, गावाबाहेर, ज्वारीच्या रानात आप्पांनी जागा घेतली होती. आदल्या उन्हाळ्यातच तिथे सिमेंटचे खांब उभे राहिले होते आणि त्यांच्यावर छत पडलं होतं. भिंतींचा पत्ता नाही! गावातून माणसं मुद्दाम टांगा करून बघायला यायची. "आदी छत, मग भिंती? शेटजी, उद्या आदी नातू आणि मग पोराचं लगीन कराल!" आप्पा हसण्यावारी न्यायचे, पण घरी आले की दादाला म्हणायचे, "बघ रे बाबा, हसं करू नकोस."

हान्सला मात्र आमच्याच गावाचं हसू आलं होतं. आल्या दिवशी तो आमच्या जुन्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर चढला, चहूकडे बघितलं, आणि हसतच सुटला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. मी घाबरलेच. मग त्यानं सांगितलं की त्याच्या देशात सपाट छपराची घरं बांधणाऱ्यांना लोक धारेवर धरायचे. उतरतं छप्पर ते आपलं, सपाट ते परमुलखातल्यांचं, असं म्हणून वर्तमानपत्रांत भांडणं व्हायची. तो आणि त्याचे सोबती समजत होते, आपण उद्याच्या जगाचं घर शोधून काढलं. आणि इथे तर अख्खं गाव सपाट छपराखाली खुशाल घोरत होतं! मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "छप्पर सपाट नसलं तर सांडगे-पापड कुटं वाळवायचे म्हणावं? ह्यांच्यात पापड करत न्हाईत का?" हान्सला पापड म्हणजे काय ते समजावण्यात माझी दुपार गेली.

प्रश्न विचारायची त्याला खोडच होती. मला वाटायचं, साहेबलोक येतात ते सांगायला. हा नुसता विचारायचा. चुलीचं तोंड इकडेच का? पाण्याचे हंडे चढत्या मापात का रचता? बाई दळायला बसते तेव्हा पाय कुठं घेते? आई एकदा वैतागून म्हणाली, "ह्याला घर बांधायचंय का माझ्याशी संसार करायचाय?" ते मी इंग्रजीत सांगितलं नाही.

माझी त्याची गट्टी जमली ती रांगोळीवरून. गल्लीच्या टोकाला तेलुगू विणकरांची घरं होती. त्यांच्या बायका पहाटे ठिपके मांडून, त्या ठिपक्यांभोवतीनं एकच रेघ वळवत वळवत नेऊन परत सुरुवातीला आणून सोडायच्या. मीही त्यांच्याकडूनच शिकले. हान्स सकाळी उकिडवा बसून माझी रांगोळी बघायचा. मग एक दिवस त्यानं पेटीतून काही छापील कागद काढले. त्याच्या शाळेतली कामं. त्या शाळेत म्हणे चित्रं, विणकाम, खुर्च्या, चहाच्या किटल्या सगळं एकाच छपराखाली शिकवत. कागदावर चौकोन होते, गोल होते, तांबडा-पिवळा-निळा रंग होता आणि पुष्कळ जागा मोकळीच सोडलेली होती. मी निरखून बघितलं आणि विचारलं, "ह्यात ठिपके कुठं आहेत?"

तो म्हणाला, "ठिपके पुसून टाकलेत." मला ते पटलं. आम्हीही रेघ पुरी झाली की ठिपके कुठे मोजत बसतो?

मग मी त्याला ठिपके मांडायला शिकवले आणि त्यानं मला जागा मोकळी सोडायला. दुसऱ्या दिवशी मी दारात एका अंगाला तीनच वेटोळी काढली आणि बाकी अंगण तसंच ठेवलं. मला तर ते भारी सुंदर वाटलं. आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "काय गं, रांगोळी संपली का अंगातलं बळ संपलं?" पण आत्या वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे की. दम घ्यायला जागा हाय त्यात."

जिन्याच्या गोल खिडकीला आज जी लोखंडी जाळी आहे, ती माझ्याच एका रांगोळीवरून हान्सनं काढली. पाहुण्यांना वहिनी सांगते, "ही जर्मन फॅशन." मी गप्प बसते. तीही काही खोटं बोलत नाही.

आता मूळ भांडणाकडे येते.

आमच्याकडे घराच्या दाराची चौकट बसवायची तर मुहूर्त लागतो. चौकटीला आंब्याची डहाळी बांधायची, उंबरठ्याला हळदकुंकू वाहायचं, मग घरमालकिणीनं नमस्कार करायचा. मार्गशीर्षातला चांगला दिवस काढला. चौकटीचं काम बसाप्पा सुताराकडे होतं. हान्सनं त्याला नकाशा दिला होता. दोन बाजूच्या रेघा आणि वरची रेघ. खालची रेघ नव्हतीच. बसाप्पानं तो कागद उलटासुलटा करून बघितला, बिचारा साहेब घाईत शेवटची रेघ काढायला विसरला असं धरून चालला, आणि त्यानं आपल्या मनानं झकास सागवानी उंबरठा घालून चौकट पुरी केली. वर कुणाला बोललाही नाही, साहेबाची चूक कशाला चव्हाट्यावर आणा म्हणून.

मुहूर्ताच्या सकाळी हान्स आमच्याआधी तिथे पोचला. त्यानं ती चौकट बघितली, त्याला वाटलं सुतार चुकला. त्यानंही बसाप्पाला लाज नको म्हणून कुणाला हाक मारली नाही. करवत घेतली आणि उंबरठा कापून काढला. दोघंही एकमेकांना सांभाळून घेत होते हो! दोघांच्या चांगुलपणात आमचा उंबरठा गेला.

आम्ही पोचलो तेव्हा चौकट उभी होती, डहाळी बांधलेली होती, भटजी पाटावर बसले होते. आई जरीकाठी लुगडं नेसून पुढे झाली. तिनं डाव्या हातात ताट धरलं, उजव्या हाताच्या बोटांत हळद घेतली आणि सवयीनं वाकली. हात खाली गेला. खाली काहीच नव्हतं. सपाट कोबा, आतून बाहेरपर्यंत सलग. तिचा हात तसाच राहिला आणि हळद जमिनीवर सांडली.

"उंबरठा कुटं हाय?" तिनं विचारलं.

हान्सचा चेहरा आनंदानं फुलला. कुणीतरी शेवटी त्याला हवा तो प्रश्न विचारला होता. तो भराभरा बोलायला लागला आणि मी भराभरा मराठी करायला लागले. ह्या घरात अडथळा कुठेच नाही. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यात भिंतही नाही, नुसता खांब आहे. माणूस कुठंही न अडता फिरला पाहिजे. घरातली जमीन सरळ अंगणात गेली पाहिजे, अंगण सरळ रानात.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग ताट खाली ठेवलं. "ननगं ब्याड," ती म्हणाली. नको मला. बसाप्पा चटकन खांबाआड गेला. "ह्या घरात मी पाय टाकणार न्हाय. माझी सूनबी टाकणार न्हाय. सून आली की माप कुटं ठेवायचं? हवेत? तांदळाचं माप उंबरठ्यावर ठेवत्यात, पायानं लवंडून लक्ष्मी आत येती. ही काय तालीम हाय, कुनीबी सरळ घुसायला? बाहेरचाबी उंबरठा पायजे आणि सैपाकघराचाबी पायजे. दोन्ही करा, न्हाईतर तुमी बापलेक ऱ्हावा हितं."

ती टांग्यात जाऊन बसली. दादाचं लग्न फाल्गुनात ठरल्यातच जमा होतं आणि सून नव्या घरात यायची असा आप्पांचा शब्द गेला होता. आप्पांनी कपाळाला हात लावला.

दोन दिवसांनी मी आणि आत्या पोळी-भाजीचा डबा घेऊन बांधकामावर गेलो. हान्स आणि दादा गच्चीवर होते. आत्या स्वयंपाकघर होणार होतं तिथे जाऊन उभी राहिली आणि एकदम म्हणाली, "अगं बया! कुसुम, हितनं दार दिसतंय की गं!" खरंच दिसत होतं. मधे भिंत नाही, उंबरठा नाही. चुलीपाशी उभं राहिलं की थेट पुढचं दार, दारातून रस्ता, रस्त्यापलीकडची ज्वारी.

शुभकार्यात आत्या समोर यायची नाही. कुणी तिला तसं दरवेळी सांगावं लागायचं नाही. हळदीपासून पंगतीपर्यंतचं सगळं रांधायचं तिनं, आणि वऱ्हाड दारात आलं की माजघराच्या उंबरठ्याच्या आत थांबायचं. घरातली बाकीची माणसं तेवढ्यापुरती तिला विसरायची आणि मग जेवायच्या वेळी तिची आठवण काढायची.

"एवढी लग्नं झाली घरात," ती म्हणाली, "सगळी म्या कानानंच बघितली. सनई ऐकायची, टाळ्या ऐकायच्या. पर नाऱ्याची बायको घरात येताना मला डोळ्यानं बघायचीय गं. हितं ऱ्हाऊनच बघंन. तुझ्या आईला म्हणावं, बाहेरचा उंबरठा घाल हवा तर. आतला नको." मग लगेच माझा हात दाबला. "न्हाय, काय सांगू नको तिला. उगं तिच्या डोक्याला ताप."

मी सांगितलं नाही, पण त्यानंतर मला चैन पडेना. हान्सच्या नकाशाकडे मी आतापर्यंत गंमत म्हणून बघत होते. आता त्या नकाशात एक न काढलेली रेघ होती आणि ती न काढली जावी असं मला जीव तोडून वाटत होतं. आई आपल्या जागी बरोबर होती. आत्याही बरोबर होती. आणि ज्याला ह्या दोघींचं काही ठाऊक नव्हतं तो हान्स गच्चीवर शीळ घालत होता.

पण तो हट्टाला पेटला नव्हता, हे त्याचं विशेष. आई का चिडली हे त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. तो म्हणाला, मला तुमच्या घरात एक अख्खा दिवस बसू दे, माणसं कशी फिरतात ते बघू दे. त्यांच्याकडे म्हणे स्वयंपाकघर आखताना बाई कुठून कुठे जाते त्याच्या रेघा कागदावर काढतात. मी म्हटलं, कागद कशाला, रांगोळी आहे की. त्यानं टाळीच वाजवली.

योगायोग असा की तो दिवस दादाच्या साखरपुड्याचा निघाला. मुलीकडची माणसं आमच्याकडे यायची होती. आईला वाटलं, साहेबासमोर मिरवायला बरंय, तिनं परवानगी दिली. जिथे जिथे कुणाचा पाय जाईल तिथे मी मागनं चिमटीनं रेघ सोडायची. आईची हळदीची, आप्पांची गुलालाची, दादाची निळीची. आत्याला विचारलं, तुझा रंग कुठला? ती म्हणाली, "मला साधी रांगोळी बास. पांढरी."

पाहुणे गेले. ऊन कलायच्या सुमाराला आम्ही सगळे जिन्यावर चढून वरून बघायला लागलो. शेणानं सारवलेल्या जमिनीवर काय रंग माजले होते! दादाची निळी रेघ तर आरशापाशी सतरा वेळा गेली होती, आप्पा मोठ्यांदा हसले. पिवळी, गुलाबी, निळी, सगळ्या रेघा माजघरातून ओसरीवर, ओसरीवरून दारात, दारातून बाहेर गेल्या होत्या. पांढरी सगळ्यात दाट होती. चुलीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून कोठीपर्यंत, कोठीपासून परसापर्यंत, जमीन दिसू नये इतकी. आणि माजघराच्या उंबरठ्यापाशी ती पुन्हा पुन्हा येऊन मागे वळली होती. तिथे पांढरा ढीगच साचला होता.

हान्सनं बोट दाखवून मला विचारलं, "ही रेघ इथून परत का जाते?"

सगळ्यांना प्रश्न कळला. मला इंग्रजी सापडेना. खरं सांगायचं तर त्या घरात, त्या माणसांसमोर, मला मराठीही सापडलं नसतं. आप्पा खाकरले. दादा खाली मान घालून उभा राहिला, आणि मला त्याचा राग आला. ज्या बाईनं त्याला वाढवलं तिच्या रेघेकडे त्यानं आजवर बघितलंच नव्हतं. मीही कुठे बघितलं होतं म्हणा. आई कठड्याला धरून खाली बघत होती. मग म्हणाली, "पुसा आता ते. दिवेलागणीला असलं बरं दिसत न्हाय." केरसुणी आत्यानंच घेतली.

पौषात संक्रांत आली, गावची गड्ड्याची जत्रा भरली. हान्सनं नंदीध्वजाच्या काठ्या बघितल्या आणि एवढी उंच काठी एक माणूस कमरेशी कसा पेलतो ह्या विचारात दोन दिवस जेवण विसरला. बांधकाम पुढे सरकत होतं. भिंती आल्या, गिलावा झाला. दाराची चौकट मात्र तशीच तीन अंगांची उभी, आणि आईचा पाय काही तिकडे वळेना.

मग आप्पांनी युक्ती केली. घरामागच्याच रानात हुरडा ठेवला. हुरड्याला नाही म्हणणारी बाई सोलापुरात जन्मायची आहे! आई आली, पण घराकडे पाठ करून बसली. आगटीत शेणकुटांचा विस्तव फुलला होता, कणसं खरपूस भाजून निघत होती. बसाप्पा कणसं चोळून गरम दाणे आमच्या हातांवर घालत होता. शेंगांची चटणी, गूळ, दही. हान्सचं तोंड भाजलं तरी तो थांबेना. "झ्याक हाय की!" तो म्हणाला, आणि आईला हसू आवरेना.

हसू ओसरल्यावर तिनं मला म्हटलं, "विचार हंसराजला. त्याचं तिकडचं घर कसं होतं?"

दादानं डोळे वटारले. मी तरीही विचारलं.  हान्स हातातले दाणे बघत हळूहळू सांगायला लागला. ते घर त्यानंच बांधलं होतं. असंच, नव्या तऱ्हेचं. मोठ्या काचा, सलग जमीन, उंबरठा नाही. निघायची वेळ आली तेव्हा घाई होती, हातात दोन पेट्या होत्या. "मी बाहेर पडलो," तो म्हणाला, "पण बाहेर कधी पडलो ते मला आठवत नाही. कितीदा आठवून बघतो. आत होतो, मग रस्त्यावर होतो. मधलं काही नाही."

मी ते आईला सांगितलं.  आईनं पदरानं डोळे पुसले, धूर लागला म्हणाली. "त्येच तर म्हणतेय मी," ती म्हणाली. "पाय उचलावा लागला पायजे. आत येतानाबी आणि जातानाबी. पाय उचलला की मन सांगतं, आलो बाबा घरी. न उचलता आलं तर रस्त्यावर हिंडलं काय न घरात आलं काय, एकच."

 हान्सनं हे ऐकलं आणि जवळचं ज्वारीचं एक धाट उचलून आईच्या पायापुढे आडवं ठेवलं. "एवढा?" आईनं तोंड वाकडं केलं. त्यानं दुसरं ठेवलं. आई उठली, लुगडं सावरून एकदा ओलांडून बघितलं, म्हणाली, "अजून." तिसऱ्या धाटाला तिचा पाय नीट उचलला गेला. "बास," ती म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला ठेच लागायला नको, आणि तरण्याला विसर पडायला नको." आजही आमचा उंबरठा तीन धाटांच्या उंचीचा आहे. लाकडाचा नाही, खाणीतल्या काळ्या दगडाचा, कुठेही नक्षी नसलेला. लाकूड नको, दगड हवा, हे हान्सचं. कडा गोल घासायच्या, हेही त्याचंच.

"आणि आतला?" मी विचारलं.  आत्या पलीकडे बसून कणसं निवडत होती, तिचे हात थांबले.

आईनं कणीस चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. "आतलं तसंच मोकळं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "वन्सं दिसभर ये-जा करत्यात, पायाला लागंल." बस, एवढंच. आत्याचे हात पुन्हा चालू झाले.

हान्स लग्न होईपर्यंत राहिला आणि मग मुंबईला परत गेला. जाताना काळ्या दगडापाशी थांबला, पाय चांगला उंच उचलून बाहेर टाकला, आणि मागे वळून आईकडे बघितलं. आई म्हणाली, "हां, आता ध्यानात ऱ्हाईल." पुढे लढाई लागली. त्याला जर्मन म्हणून इंग्रजांनी कुठेतरी तारेच्या कुंपणात ठेवल्याचं दादाच्या कानावर आलं. ज्यांच्यापासून पळून आला त्यांच्यातलाच एक धरून! मग त्याचा पत्ता लागला नाही. मी पुढे पुण्याला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली. मुली कागद भरून टाकायला लागल्या की म्हणायचे, जागा सोडा, दम घ्यायला जागा सोडा. हे मी हान्सकडून शिकले की आत्याकडून, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण त्या लग्नाचं सांगायचं राहिलंच. दादाची वरात नव्या घरापाशी आली ती सकाळी, कोवळ्या उन्हात. उंबरठ्यावर हळदकुंकू होतं, तांदळाचं माप ठेवलेलं होतं. आई भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन उभी. दारात बायकांची ही गर्दी. मी वळून बघितलं. आत्या स्वयंपाकघरात चुलीपाशी उभी होती, भिंत नव्हती तरी भिंत असल्यासारखी, खांबाला धरून. गर्दीमुळे तिला दार दिसत नव्हतं. ती टाचा उंचावत होती. एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक. पार बैठकीच्या मध्यापर्यंत आली.

बार्शीची मावशी, आईची मोठी बहीण, जिभेला हाड नसलेली. तिनं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे काय आत्याबाई? शुभकार्यात तुमी उंबरठ्याच्या आत बऱ्या की!"

बाहेर सनई चालूच होती. आत्या जागच्या जागी थिजली. तिनं मागे बघितलं, कुठल्या रेघेच्या मागे जायचं ते शोधत असल्यासारखं.

आईनं हातातलं ताट माझ्याकडे दिलं. मला वाटलं आता कानडी येणार. पण ती मराठीतच बोलली, अगदी साध्या आवाजात. "आक्का, आतच हाईत की त्या. घराला उंबरठा एकच हाय, आणि त्यो हितं हाय." तिनं पायाशी असलेल्या काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. मग बायकांतून वाट काढत गेली, आत्याचा हात धरला आणि तिला ओढत दारात आणून उभी केली. "हितपर्यंत सगळं आतच. या वन्सं, फुडं व्हा, दिसत न्हाय तुमाला."

वहिनीनं माप लवंडलं. त्या गुळगुळीत फरशीवर तांदूळ कुठेच अडले नाहीत, बैठकभर पसरून थेट चुलीपर्यंत गेले. पुढे कितीतरी दिवस झाडताना सापडत होते.

आता दादा नाही, आप्पा नाहीत, आई नाही, आत्या तर केव्हाच गेली. परवा हुरडा खाऊन झाल्यावर मी आणि वहिनी दारात बसलो होतो, उंबरठ्याच्या ह्या अंगाला ती, त्या अंगाला मी. मी तिला विचारलं, तुला त्या दिवसाचं काय आठवतं? बार्शीच्या मावशीचं बोलणं ऐकलं होतंस का?

"सनईत काय ऐकू येतंय?" वहिनी म्हणाली. "आणि मी तर खाली मान घालून आलेली. कुनाचं तोंडबी बघितलं न्हाय. माप दिसलं, काळा दगड दिसला, आणि दगडाच्या पलीकडं तुमच्या आत्याचे पाय दिसले. बिनजोडव्यांचे. बोटं पार उंबरठ्याला टेकलेली."